घाणेरीवरचं वाळकं पान

नव्वदचं दशक नुकतंच सुरू झालं होतं. मी पाटबंधारे खात्याच्या कचेरीत टायपिस्ट होते आणि पंचवटीत आईबरोबर राहत होते. आठवडाभर टाइपरायटर बडवायचा, रविवारी धुणं, निवडणं-टिपणं आणि दुपारची झोप, असं चाललं होतं. त्यात तक्रार करण्यासारखं काही नव्हतं आणि सांगण्यासारखंही नव्हतं.

माझ्या शेजारच्या टेबलावर जी बाई बसायची ती माझ्याहून दोनतीन वर्षांनी मोठी. डबा आम्ही एकत्र खायचो, आणि हळूहळू ती माझी एकुलती एक मैत्रीण झाली. तिनेच एकदा विचारलं, "रविवारी येतेस का? आम्ही काही जण सरांबरोबर पेठच्या वाटेवर फुलपाखरं बघायला जातो."

"त्यासाठी नाशकाबाहेर कशाला जायचं?" मी म्हटलं. "आमच्या दारातल्या लिंबावर येतात की."

"ये तर एकदा," ती म्हणाली.

सर म्हणजे कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवून निवृत्त झालेले गृहस्थ. उंच, किडकिडीत, डोक्यावर कापडी टोपी. ते आपल्या जुन्या फियाटने पहाटेच पुढे जायचे. गाडीत कॅमेऱ्याचं सामान असतं, बसायला जागा नाही, असं ते सांगत. आम्ही बाकीचे पेठकडे जाणाऱ्या पहिल्या एसटीने निघायचो, घाटाच्या अलीकडे एका फाट्यावर उतरायचो आणि शेताच्या बांधांवरून खाली ओढ्यात जायचो. पोचेपर्यंत सर तिथे दगडावर बसलेले असत आणि थर्मासमधला चहा पीत असत.

ओढा तसा लहानच. पण त्याच्या पात्रात काळा कातळ पसरला होता आणि पाण्याने फिरून फिरून त्या कातळात गोल खळगे पाडले होते, कुठे परातीएवढे, कुठे रांजणाएवढे खोल. पाऊस ओसरला की या खळग्यांत निवळ पाणी साठून राहायचं. सरांनी पहिल्या दिवशी मला अशा एका खळग्याच्या काठावर पालथं झोपायला लावलं.

"हनुवटी दगडावर टेक," ते म्हणाले, "आणि काही दिसत नाही असं वाटलं तरी बघत राहा."

आधी फक्त आभाळ दिसलं. मग पाण्यावरून पाय न बुडवता सरकणारे किडे दिसले, मग पाठीवर पोहणारा एक. तळाशी गाळ हलला आणि पेराएवढा खेकडा आडवा चालत दगडाखाली गेला. मग काडीसारखं काहीतरी, मागे तीन बारीक पिसं लावलेली. सर म्हणाले, ते टाचणीचं पिल्लू. टाचणी म्हणजे चतुराच्या जातीतली, पण शिवणाच्या सुईइतकी बारीक, बसली की पंख मिटून घेणारी. ती आयुष्याचा पहिला भाग असा पाण्याखाली काढते हे मला ठाऊक नव्हतं. मी उठले तेव्हा साडीचा पुढचा भाग ओला झाला होता आणि बाकीचे डबे उघडून बसले होते.

सरांचा एकच नियम होता. हात लावायचा नाही. जाळी नाही, बाटली नाही, पकडून बघणं नाही. एकदा मी टाचणीचं पिल्लू काचेच्या ग्लासात घरी न्यायचं म्हटलं, त्यातून टाचणी बाहेर येताना बघायची होती म्हणून. सर सगळ्यांसमोर म्हणाले, "तुला ते बघायचं असेल तर तू इथे येऊन बस. त्याने तुझ्या घरी का यावं?" मला लाज वाटली. पण रागापेक्षा आदरच जास्त वाटला. माझ्या आयुष्यात इतक्या सरळ नियमाने वागणारं दुसरं कुणी नव्हतं.

मग वर्ष माझ्यासाठी वेगळ्या तऱ्हेने फिरू लागलं. भाद्रपदातल्या उघडिपीत ओढ्याकाठच्या चिखलावर पिवळी फुलपाखरं थव्याने बसत. आश्विनात लव्हाळ्यावर टाचण्यांच्या जोड्या दिसत, आणि काडीला चिकटून राहिलेल्या त्यांच्या वाळक्या काती. थंडीत सगळंच मंदावायचं. उन्हाळ्यात खळगे आकसत जायचे आणि उरलेल्या वीतभर पाण्यात सगळे जीव दाटीवाटीने राहायचे.

आणि एक फुलपाखरू होतं, ज्याच्यासाठी आम्ही सगळे जीव टाकायचो. मिटलेलं असलं की हुबेहूब वाळकं पान. देठ, मधली शीर, बुरशीचे ठिपके, सगळं. उघडलं की आत निळा रंग आणि त्यावर आडवा पांढरट पट्टा. सर त्याला इंग्रजीत ओकलीफ म्हणायचे, आम्ही नुसतं 'पान'. त्या भागात ते असतं असं सर सांगत, पण आमच्यापैकी कुणालाच ते दिसलं नव्हतं.

माझं तिसरं वर्ष असेल. पावसाळा संपत आला होता आणि सकाळ गार होती. आम्ही पोचलो तेव्हा सर दगडावर नव्हते. थोडं वर, घाणेरीच्या जाळीपाशी उभे होते आणि आम्हाला हाताने हळू या म्हणून खुणावत होते. मी सगळ्यांत पुढे होते. त्यांनी माझा खांदा धरून मला खाली बसवलं आणि बोट दाखवलं.

घाणेरीच्या फुलांवर 'पान' बसलं होतं. हातभर अंतरावर. त्याचे पाय फुलाला नीट धरून नव्हते, ते किंचित कललं होतं. थोड्या वेळाने ते थरथरू लागलं, बारीक, ताप भरल्यासारखं. सर कानाशी म्हणाले, "ऊन घेतंय." मग पंख उघडले. तो निळा रंग मी तोवर कधी पाहिला नव्हता. सरांचा कॅमेरा दोनतीनदा वाजला. मग ते उडालं, एकदा जमिनीकडे झुकलं, सावरलं आणि झाडीत गेलं.

मी रडले. सगळे हसले, पण चेष्टेने नाही. परतताना एसटीत मैत्रिणीने माझा हात हातात घेऊन ठेवला होता. घरी आईला सांगितलं तर ती म्हणाली, "बाई, लग्नात नवरीसुद्धा इतकी खूश नसते." पुढे कित्येक वर्षं मला झोप आली नाही की मी डोळे मिटून ती सकाळ आठवायचे.

त्यानंतर मी एकटीही जाऊ लागले. कचेरीला सुट्टी असली की मिळेल ती एसटी पकडायची. पण मला एकटीला 'पान' कधी दिसलं नाही. दिसलं तर एवढंच, की पायाखालून काहीतरी उडालं, दूर खोडावर बसलं आणि तिथे गेलं तर खोडच. मी हे सरांना सांगायचे. ते म्हणायचे, "तू घाई करतेस. तुझी सावली आधी पोचते, मग तू. धीर हवा." मी मान हलवायचे. कपड्यांचे भडक रंग सोडले, पावलं हळू टाकायला शिकले, खोकला आला तर तोंडात पदर कोंबायचे. सरांना रविवारमागून रविवार काही ना काही दिसायचं आणि मला एकटीला दिसायचं नाही, त्याअर्थी दोष माझ्यातच आहे असं मी धरून चालले होते.

एकदा एका इंग्रजी पुस्तकात वाचलं की हे फुलपाखरू फुलांकडे फारसं फिरकत नाही, झाडाच्या खोडातून गळणारा चीक आणि सडकी फळं त्याला आवडतात. मी सरांना विचारलं, "मग आपलं घाणेरीवर कसं बसलं होतं?"

"पुस्तकं लिहिणारे कधी आपल्या घाटात आलेत का?" सर हसून म्हणाले. मला उलट अभिमान वाटला. पुस्तकात नसलेलं मी पाहिलं होतं.

अशी आठएक वर्षं गेली. सरांनी काढलेला त्या 'पाना'चा फोटो मोठा करून त्यांच्या दिवाणखान्यात लागला. लोक येऊन बघत. सर प्रत्येकाला सांगत, "हिला विचारा, ही होती तेव्हा." आणि मी सांगायचे.

एका माघातली गोष्ट. आमच्या एका नातेवाइकांचा पिंपळगावला द्राक्षाचा बाग होता. त्यांनी पेटी पाठवली, त्यातली थोडी द्राक्षं घेऊन मी शनिवारी संध्याकाळी सरांकडे गेले. सर बाहेर गेले होते. काकू, म्हणजे सरांच्या पत्नी, घरी होत्या; त्यांचे हात कणकेत होते.

"फ्रिजमध्ये तूच ठेव गं," त्या म्हणाल्या. "खालच्या कप्प्यात जागा नसेल. तो प्लॅस्टिकचा डबा वर सरकव. जरा जपून, फुलपाखरं आहेत त्यात."

मला वाटलं मी काहीतरी चुकीचं ऐकलं. डबा पारदर्शक होता. आत ओल्या कापसावर कागदाच्या तिकोनी घड्या रचून ठेवल्या होत्या. सगळ्यांत वरची घडी अर्धवट उघडी होती आणि तिच्यात एक मोठं काळं-निळं फुलपाखरू पंख मिटून पडलं होतं. ब्लू मॉर्मन. उजव्या बाजूच्या मागच्या पंखाचं टोक फाटलं होतं. मी बघत असताना त्याचा एक पाय हलला.

"मेलेली नाहीत?" मी विचारलं.

"छे. गारठून पडतात नुसती. उद्या उन्हात ठेवली की उडतील." काकू पोळपाट पुसत म्हणाल्या. "हे पावसाळ्यात तर इतके डबे भरतात की दह्याला जागा उरत नाही. तुला काय सांगायचं म्हणा, तू तर त्यांच्या बरोबरच असतेस."

मला ठाऊक असणार असं त्यांनी धरलंच होतं. मी द्राक्षं ठेवली, दार लावलं, चहा घेतला. चहा घेताना समोर भिंतीवर तो फोटो होता. मी तो आधी शंभरदा पाहिला असेल. त्या दिवशी मला फक्त त्याचे पाय दिसले. फुलावर टेकलेले, पण फुलाला न धरलेले.

दुसऱ्या दिवशी जाऊ नये असं वाटत होतं. पण गेले. मनात कुठेतरी आशा होती की तो डबा वेगळ्या कशासाठी असेल, अभ्यासासाठी, कुणा विद्यार्थ्यासाठी. एसटीत मी मैत्रिणीशी फारशी बोलले नाही.

ओढ्यावर पोचलो. सर दगडावर नव्हते. जरा पुढे, करवंदीच्या जाळीपाशी उभे होते आणि हाताने हळू या म्हणून खुणावत होते.

"या दिवसांत सहसा दिसत नाही," ते कुजबुजले. "नशीब आहे तुमचं."

पानांवर मोठं काळं-निळं फुलपाखरू बसलं होतं. उजवीकडच्या मागच्या पंखाचं टोक फाटलेलं. आमच्यात एक नवीन जोडपं आलं होतं. त्यातल्या बाईंनी तोंडावर हात ठेवला, आणि त्यांच्या डोळ्यांत मला माझे जुने डोळे दिसले. फुलपाखरू थरथरू लागलं. सर हळूच म्हणाले, "ऊन घेतंय."

मी मान फिरवली. सगळे फुलपाखराकडे बघत होते. एकटी मैत्रीण माझ्याकडे बघत होती.

दुपारी लोक जेवत असताना मी सरांना खळग्यांपाशी गाठलं. "काल काकूंनी मला फ्रिज उघडायला सांगितला होता," मी म्हटलं.

ते पाण्याकडे वळले. मग म्हणाले, "गंगापूर रोडच्या एका नर्सरीत मिळालं ते. लिंबाची रोपं आहेत तिथे. त्याला काही होत नाही, हे तुला कळलं असेलच."

"हात लावायचा नाही असं तुम्ही आम्हाला सांगता."

"सगळेच हात लावायला लागले तर काय उरेल? मला येतं कसं धरायचं ते." त्यांचा आवाज शांत होता, वर्गात असावा तसा. "अगं, लोक रविवारची झोप मोडून येतात. चार वेळा काही दिसलं नाही तर पाचव्यांदा येत नाहीत. आणि जे येत नाहीत ते उद्या हा ओढा कुणी बुजवला तरी बोलणार नाहीत. काहीतरी दिसायला हवं."

"आणि 'पान'?" मी विचारलं. "घाणेरीवरचं?"

त्यांनी टोपी काढून झटकली. ते म्हणाले, "तुला किती आनंद झाला होता."

त्यांनी हे मायेने म्हटलं होतं. मला तेच सहन झालं नाही. खोटं बोलले असते, नाही म्हणाले असते, तर कदाचित मी विश्वास ठेवला असता, इतकी माझी इच्छा होती. पण त्यांनी तो आनंद मला दिला होता असं त्यांना वाटत होतं, आणि त्याबद्दल मी उपकृत असावं अशीच त्यांची अपेक्षा दिसत होती.

"इतकी वर्षं तुम्ही मला म्हणत होता, धीर नाही," मी म्हटलं. "माझी सावली आधी पोचते म्हणून."

"ते खरंच आहे," सर म्हणाले.

परतीच्या एसटीत मी मैत्रिणीला विचारलं, "तुला कधीपासून माहीत आहे?"

तिने आढेवेढे घेतले नाहीत. "पहिल्याच वर्षी. मी एकदा लवकर पोचले होते. ते डबा उघडत होते."

"आणि 'पाना'च्या दिवशी?"

"तेव्हाही." ती खिडकीबाहेर बघत होती. "मला वाटलं होतं तुझ्याही लक्षात येईल एक दिवस. मग तू रडलीस. त्यानंतर कसं सांगणार?"

"माझा हात धरून बसली होतीस तू."

"हो. मलाही बरं वाटत होतं तुला बघून."

सोमवारी कचेरीत तिने डबा उघडला आणि माझी वाट पाहत थांबली. मी माझा डबा घेऊन रेकॉर्डच्या खोलीत गेले. असं काही दिवस चाललं. मग तिने वाट पाहणं सोडलं. पुढे तिची बदली मालेगावला झाली. निरोपाच्या दिवशी आम्ही एकमेकींना कुंकू लावलं, सगळ्या लावत होत्या म्हणून.

मी रविवारी जायचं सोडलं. पण त्याहून कठीण होतं ते वेगळंच. रात्री डोळे मिटले की मी एकेक दिवस काढून बघायचे. चिखलावरचे पिवळे थवे खरे असणार, इतके कोण आणून सोडेल? एकदा कड्याखाली दिसलेलं ते पांढरं फुलपाखरू खरं का? सर त्या दिवशी आधी पोचले होते. बाभळीवरचं निळं? तेही सर आधी पोचले होते. असं करत करत माझ्याकडे फार थोडं उरलं. 'पाना'ची सकाळ मी आठवायची थांबवली. ती तरीही यायची, सगळी तशीच, गार हवा, घाणेरीचा वास, निळा रंग. फक्त आता त्या थरथरण्याचं कारण मला माहीत होतं. ते गारठलेलं होतं आणि उडायला धडपडत होतं, आणि मी हातभर अंतरावर बसून सुखाने रडत होते.

दीड-दोन वर्षं मी ओढ्याकडे फिरकले नाही. मग आई गेली आणि घरात रविवार फार मोठा होऊ लागला. एका भाद्रपदात मी पुन्हा ती एसटी पकडली. घाणेरीकडे गेले नाही. कातळावर गेले, चप्पल काढली आणि एका खळग्याशी हनुवटी टेकून झोपले. खेकडे होते. बेडकांची पिल्लं होती, काहींना मागचे पाय फुटलेले. लव्हाळ्याच्या काडीवर निळी टाचणी होती, जी मी हलले की काडीच्या पलीकडे व्हायची आणि एका डोळ्याने माझ्यावर नजर ठेवायची. यांना फ्रिजमध्ये कुणी ठेवलं नव्हतं, कारण यांना बघून कुणी तोंडावर हात ठेवला नसता. मला तेवढ्यावर बरं वाटलं, पण पूर्वीसारखं नाही. कुठलीही गोष्ट जवळ येऊन बसली की आजही मी आधी आजूबाजूला बघते, कुणी उभं आहे का.

दोन हजार पाच-सहाच्या सुमारास काकूंचा फोन आला. सरांना अर्धांगाचा झटका आला होता. बोलता येत होतं, पण डावा हात गेला होता. "तुझं नाव काढतात," काकू म्हणाल्या. मी दोन दिवस विचार केला आणि गेले.

सर खिडकीशी खुर्चीत बसले होते. फोटो भिंतीवर तिथेच होता. त्यांनी माझ्या कचेरीची चौकशी केली, संगणक आला का विचारलं. मी आला म्हटलं. काकू आत चहा करत होत्या.

"अजून राग आहे?" त्यांनी विचारलं.

"आहे," मी म्हटलं.

त्यांनी मान डोलावली. माफी मागितली नाही. माझी तशी अपेक्षा होती की नाही, मला आजही सांगता येत नाही. चहा आला. कप त्यांनी उजव्या हातात घेतला, पण बशी धरायला डावा हात चालत नव्हता, तेव्हा मी बशी खाली धरली. त्यांनी सावकाश चहा पिऊन संपवला.

त्यानंतर मी अधूनमधून जात राहिले, बहुतेक काकूंसाठी. सरांशी मी कांद्याच्या भावाबद्दल बोलायचे, रुंद होत असलेल्या रस्त्यांबद्दल, शेजारी उठणाऱ्या इमारतीबद्दल. ते ऐकून घ्यायचे. मी ओढ्यावर अजून जाते का, हे त्यांनी विचारलं नाही, आणि मीही कधी सांगितलं नाही.